झाडाला जामीनदार हवा

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या व्याख्यानमालेत, श्रावणातल्या एका रविवारी आपल्या पार्किंगमध्ये केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीट करून दिलं आहे.)



व्याख्यानमालेच्या पत्रकात माझं नाव पाहून काही जणांना नवल वाटलं असेल. मी काही वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नाही. आयुष्यभर सहकारी बँकेत कर्जखातं सांभाळलं. झाडांचा नाद लागला तो निवृत्तीनंतर. पुस्तकं वाचली, जाणकारांच्या मागे टेकडीवर हिंडलो, आणि मुख्य म्हणजे तुमच्या बाल्कन्यांमध्ये डोकावलो. त्यामुळे काही चुकलं तर चहाच्या वेळी सांगा, रागावणार नाही.

इथे टेबलावर तांब्यात फुलं ठेवली आहेत. मागच्या रांगेपर्यंत वास पोचतोय ना? सोनटक्का. पांढरी, फुलपाखरासारखी फुलं. ही ब इमारतीतल्या वहिनींनी सकाळी आणून दिली. सोनटक्का मूळचा हिमालयाच्या पायथ्याकडचा, ईशान्येकडचा. पण तो इतका दूरवर पोचला की क्युबा देशाचं ते राष्ट्रीय फूल आहे. आपल्या सोसायटीत मात्र तो क्युबाहून नाही, राजापूरकडून आला. कसा आला, ते शेवटी सांगतो. ती गोष्ट सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागणार आहे.

जून महिन्यात मी आणि आपली सात-आठ मुलं वही घेऊन घरोघर फिरलो. बाल्कनी, खिडकीची जाळी, जिन्याचा कोपरा, गच्ची. जिथे कुंडी दिसेल तिथे झाडाचं नाव लिहायचं. नाव माहीत नसेल तर घरातल्या आजीला विचारायचं. आजीलाही माहीत नसेल तर फोटो काढायचा. वही भरत गेली तशी मला गंमत दिसायला लागली. काही झाडं घरोघर आहेत : तुळस, मनीप्लांट, कोरफड, जास्वंद, कढीपत्ता, गुलाब, सदाफुली. ही तर आपली घरचीच मंडळी. पण वहीच्या शेवटच्या पानांवर आम्ही वेगळी यादी केली. सबंध सोसायटीत एकाच घरी असलेली झाडं. ऐका : मरवा. पांढरी गोकर्ण. पिवळी कोरांटी. सायली. पानओवा. मायाळू. अडुळसा. माका. वासाचा गावठी गुलाब, ज्याचा गुलकंद होतो. कृष्णकमळ. केशरी अबोली.

ही यादी घरी वाचली तेव्हा सौ. पटकन म्हणाली, "अहो, यातली निम्मी झाडं ज्यांच्याकडे आहेत ते सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत." मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बरोबर होतं. माझी बँकेची सवय जागी झाली. आम्ही कर्ज देताना पहिला प्रश्न विचारायचो, जामीनदार कोण? माणूस कितीही सज्जन असो, आजारपण येतं, बदली होते, मुलगा परदेशी घेऊन जातो. या झाडांना जामीनदार कोण?

आता कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? नर्सरीत जाऊ, नवं आणू. जरूर आणा. नर्सरीवाले फार कष्टाचं काम करतात. पण ते खपेल तेच ठेवणार, त्यांचंही पोट आहे. नर्सरीत तुम्हाला अबोली मिळेल, पण तुमच्या आजीच्या अंगणातली मिळेलच असं नाही. तिथे "झाड" मिळतं. घरात असतो तो त्या झाडाचा एक विशिष्ट वाण. वांग्याचे किती वाण, मिरचीचे किती, आंब्याचे किती, हे आपल्याला ठाऊक आहे. फुलांचंही तसंच. मोगरा म्हटलं की साधा मोगरा वेगळा, बटमोगरा वेगळा, मदनबाण वेगळा. वैविध्य म्हणजे नुसती झाडांच्या नावांची लांबलचक यादी नव्हे, एकेका नावाच्या पोटातही वैविध्य असतं.

मुलांनो, एक मजेची गोष्ट. मनीप्लांट कोणाकडे आहे? सगळ्यांकडे. त्याला फूल कोणी पाहिलंय? कोणीच नाही. तो मूळचा पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचा. त्याला फूल येणं फारच दुर्मिळ, म्हणून बीही नाही. म्हणजे जगभरातल्या घरांमधला मनीप्लांट हा फांदीची फांदी, तिची फांदी असा हातोहात पोचलेला आहे. माणसांनी एकमेकांना दिलं नसतं तर तो आपल्या खिडकीत नसता. ब्रह्मकमळाचंही तेच. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तो खरा एक निवडुंग, मेक्सिकोकडचा. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच. पण ते असो. आपल्या सोसायटीत क इमारतीतल्या आजोबांनी एक पान आणलं, त्याची पानं वाटत गेले, आणि आता पावसाळ्यात एखाद्या रात्री दहा-अकरा वाजता जिन्यात धावपळ सुरू होते, "उमलतंय, उमलतंय, या लवकर!" इतर वेळी लिफ्टमध्येही न बोलणारी माणसं त्या रात्री एकमेकांच्या घरात चहा पितात.

आपण "आपली, देशी" म्हणतो ती कितीतरी झाडं बाहेरून आलेली आहेत. दसऱ्याचा झेंडू, देवळापुढचा पांढरा चाफा, संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी, ही सगळी अमेरिका खंडातली. सदाफुली मादागास्करची; तिच्यातूनच व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. (म्हणून घरी पानं चावून खाऊ नका, ते डॉक्टरांचं काम.) तेव्हा बाहेरचं झाड वाईट आणि इथलं चांगलं असा सरसकट वाद मी घालत नाही. कोणीतरी आणलं, कोणीतरी जपलं, कोणीतरी दिलं, म्हणून ते आपलं झालं.

पण सगळीकडे एकच एक झाड लावलं तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. जुन्या सभासदांना आठवत असेल, कंपाउंडच्या कडेने आपण एकाच जातीची जास्वंद ओळीने लावली होती. दिसायची छान. मग २०१० च्या सुमारास तिच्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसायला लागलं. तो पपईवरचा पिठ्या ढेकूण. २००८ साली तो भारतात पहिल्यांदा तमिळनाडूत, कोइमतूरकडे नोंदला गेला आणि मग इकडेही पसरला. पपई, जास्वंद, तुती, चाफा, काही सोडत नाही. पुढे २०१० मध्ये त्याच्यावर जगणारी एक चिमुकली गांधीलमाशीच्या कुळातली माशी बाहेरून आणून सोडली, तेव्हा तो आटोक्यात आला. पण तोवर आपली कंपाउंडची ओळ पहिल्या झुडपापासून शेवटच्यापर्यंत गेली. किडीला एका झाडावरून उतरून दुसऱ्यावर चढायला रस्ताच आयता होता. त्याच वेळी ज्यांच्या बाल्कनीत दहा तऱ्हेची दहा झाडं होती, त्यांची एखादी कुंडी गेली, बाग राहिली.

वैविध्याचा दुसरा फायदा आपल्यापेक्षा पाहुण्यांना. कढीपत्त्यावर कधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी पाहिलीत? ती शीट नव्हे, फुलपाखराचं बाळ आहे. मोठी झाली की हिरवीगार होते. लिंबू-कढीपत्त्याच्या कुळातल्या झाडांवर लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन अंडी घालतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, त्याच्या अळ्याही याच कुळातल्या झाडांवर वाढतात. पानफुटीची कुंडी असेल तर रेड पायरो नावाचं काळं-पांढरं-नारिंगी फुलपाखरू येतं. त्याची अळी पानफुटीच्या जाड पानाच्या आतच राहून आतला गर खाते. म्हणजे पानफुटी नाही तर हा पाहुणा बहुधा तुमच्याकडे मुक्कामाला येणार नाही. प्रत्येकाची खानावळ ठरलेली आहे. दोन पानं कुरतडलेली दिसली की लगेच फवारा मारू नका, एवढंच माझं सांगणं.

इंग्लंडात लेस्टर शहरात जेनिफर ओवेन नावाच्या जीवशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनी आपल्या घराच्या साध्या बागेत १९७२ पासून तीस वर्षं नोंदी ठेवल्या. एका घराच्या बागेत त्यांना २,६७३ प्रकारचे जीव मिळाले. त्यात ४७४ प्रकारच्या वनस्पती आणि जवळजवळ दोन हजार प्रकारचे कीटक. जंगलात नव्हे, शहरातल्या घरामागे. आपली बाग तेवढी मोठी नाही, पण बाल्कन्या जोडल्या तर लहानही नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आणि ती राजापूरची गोष्ट.

आपण बसलो आहोत त्याच्या मागे दुचाकी लावायची पट्टी आहे. पेव्हिंग ब्लॉक घातलेली. २००६ पर्यंत तिथे माती होती. तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंनी, जुन्या लोकांना त्या आठवतात, तिथे हळूहळू परसबाग केली होती. काकूंचं माहेर राजापूरकडचं. मे महिन्यात माहेरी जाऊन आल्या की पिशवीत आंब्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काही ना काही असायचंच. न्हाणीघराच्या पाण्याच्या वाटेवर त्यांनी सोनटक्का लावला. शेजारी अळू, तोंडलीचा वेल, गवती चहा, कोरांटी, माका, आघाडा. हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या इमारतींतल्या बायका पत्री न्यायला तिथे यायच्या. आणि भिंतीवर पावट्याचा एक वेल होता. शेंगांना जांभळी कड. तसा पावटा मी नंतर मंडईत पुष्कळ शोधला, मिळाला नाही.

दुचाक्या वाढल्या. लावायला जागा नाही. भांडणं होऊ लागली. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. विशेष सर्वसाधारण सभा झाली, ठराव मंजूर झाला. तो ठराव चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही, गाड्यांची अडचण खरीच होती. मी सूचनाफलकावर सूचना लावली. तिच्यातलं शेवटचं वाक्य मला पाठ आहे : "सदर जागेतील झाडे व कुंड्या मुदतीत न हलविल्यास त्यांची विल्हेवाट लावण्यात येईल." काकूंनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, "अहो सेक्रेटरी, मला फेब्रुवारीपर्यंत द्या. शेंगा वाळू देत, बी धरते, मग काय ते करा." महिना होता डिसेंबर. मी म्हटलं, बघतो. आणि विसरलो. ठेकेदाराला दुसरीकडचं काम लागलं होतं म्हणून तो ठरल्याच्या आधीच आला. मी बँकेत. संध्याकाळी आलो तर माती उकरलेली आणि वेल ढिगाऱ्यावर.

त्या रात्री काकूंनी आमच्याकडे डबा पाठवला. पावट्याची भाजी, ओलं खोबरं घातलेली. ढिगाऱ्यावरच्या वेलाच्या होत्या तेवढ्या हिरव्या शेंगा त्यांनी खुडून घेतल्या होत्या आणि शेजारीपाजारी वाटल्या. आम्ही ती भाजी वाहवा करत खाल्ली. आपण शेवटचं बी खातोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी डब्यातलं मागचं उरलेलं बी काढलं, तर ते भुंग्यांनी पोखरलेलं. एकही दाणा उगवला नाही. माहेरचं घर तोवर बंद झालेलं. मी माफी मागायला गेलो. त्या मला काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चूक माझी पण आहे हो. सोनटक्का दिला होता ब इमारतीत, तो राहिला. कोरांटी दिली होती, ती राहिली. पावटा तेवढा द्यायचा राहिला."

२०१४ साली काकू गेल्या. टेबलावरची ही फुलं त्यांच्या सोनटक्क्याची आहेत.

मंडळी, आपल्याला महापालिकेच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. त्यासाठी १९७५ चा कायदा आहे आणि तो असायलाच हवा. पण कुंडीतल्या मरव्याला, भिंतीवरच्या वेलाला कायदा नाही. त्याला फक्त शेजारी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना आपण सगळे बीजमाता म्हणून ओळखतो, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातून मी एक साधी गोष्ट शिकलो. बी डब्यात ठेवून टिकत नाही, ते पेरत आणि देत राहावं लागतं. काकूंनाही ते ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं.

आज हे सगळं उकरून काढायचं कारण आपल्या सूचनाफलकावर आहे. दिवाळीनंतर गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू होतंय. क इमारतीत वरच्या मजल्यावर छतातून पाणी ठिबकतं, लहान मुलांची घरं आहेत, काम झालंच पाहिजे. मी स्वतः ठरावाच्या बाजूने हात वर केला. पण सूचनेतलं शेवटचं वाक्य वाचलं आणि थबकलो. कुंड्या मुदतीत न हलविल्यास विल्हेवाट. हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. आत्ताच्या सेक्रेटरींचा यात काही दोष नाही. जुन्या फायलीतून मसुदा घेतला असणार, आणि तो माझाच आहे.

वहीत पाहिलं. मघाशी वाचलेल्या त्या एकुलत्या झाडांपैकी बरीच गच्चीवरच आहेत. काहींच्या मालकांना आता गुडघ्यांमुळे गच्चीवर जाता येत नाही, कुंड्या खाली आणणं तर दूरच. म्हणून कार्यकारिणीला माझी हात जोडून विनंती आहे. काम थांबवू नका. फक्त तीन गोष्टी करा. एक, काम सुरू होण्याची नक्की तारीख महिनाभर आधी कळवा आणि ठेकेदाराला त्याआधी येऊ देऊ नका. दोन, कुंड्या उतरवायला ज्येष्ठांना तरुण मुलांची मदत द्या. तीन, प्रत्येक झाडाला एक जामीनदार नेमा. म्हणजे ते झाड सोसायटीत निदान दोन घरी हवं. वहीत तीन रकाने : झाडाचं नाव, मालक, जामीनदार. एकाचं गेलं तर दुसऱ्याने फांदी परत द्यायची. व्याज नाही, हप्ता नाही.

वेळही अगदी योग्य आहे. श्रावणात हवा दमट, ऊन कमी, फांदी सहज धरते. जास्वंद, तगर, मोगरा, मधुमालती यांची पेन्सिलएवढी जाड, वीतभर फांदी घ्या, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशी खोचा आणि सावलीत ठेवा. पानओवा, पुदिना, मायाळू यांना तर नुसतं निमित्त पुरतं. सोनटक्का, गवती चहा, अळू यांचे गड्डे किंवा ठोंब वेगळे करून द्या. कढीपत्त्याच्या बुडाशी पिल्लं फुटतात, ती मुळासकट काढा. गुलबक्षीचं काळं बी गोळा करा. अबोलीच्या वाळक्या बोंडावर पाण्याचा थेंब टाकला की ते टचकन फुटून बी उडतं. मुलांनो, हे काम तुमचं. कण्हेर मात्र मुलांनी हाताळायची नाही, तिचा चीक विषारी असतो.

आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या तक्रारीही रास्त आहेत, त्या ऐका. कुंडीखाली ताटली ठेवा, म्हणजे पाणी खाली गळणार नाही. पण ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कठड्यावर कुंडी ठेवू नका. झाडांवरून भांडणं झाली तर शेवटी झाडंच जातात.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा, याच जागी, देवाणघेवाण. वही घेऊन मी बसेन. ज्यांना खाली येणं जमत नाही त्यांच्या घरी मुलं येतील. पहिली नोंद मी आज करून टाकतो. सोनटक्का : मालक, ब इमारतीतल्या वहिनी. जामीनदार म्हणून मी सही करतो आहे. वहिनींनी सकाळी फुलांबरोबर एक गड्डाही दिला, तो खाली पिशवीत आहे.

आणि एक मागणं. तुमच्या गावी, माहेरी, कोणाच्या परसात जांभळ्या कडेचा पावटा दिसला, तर मूठभर बी माझ्यासाठी आणा. तोच असेल असं नाही. पण या वेळी मी ते एकट्याकडे ठेवणार नाही.